देशातलं सगळ्यात मोठं शहर आणि त्यातले आपण

पोस्ट लांब आहे आणि आकडेही बरेच आहेत. पण आकडे आपलेच आहेत, म्हणून वेळ काढून वाचा.

भारतातलं सर्वाधिक लोकसंख्येचं शहर कोणतं? आमच्या पिढीनं शाळेत पाठ केलं, कलकत्ता. पुढच्या पिढीनं पाठ केलं, मुंबई. आता स्पर्धा परीक्षेची पोरं मुंबई की दिल्ली यावर वाद घालतात आणि दोन्ही बाजूंकडे छापील पुरावा असतो. उत्तर बदलत गेलं याचं एक कारण म्हणजे माणसं वाढली, हे तर झालंच. दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. शहराची रेघ कुठे ओढायची, हेच दर वेळी बदलत गेलं. आणि या रेघेच्या खेळात मीरा-भाईंदर १९९१ पासून आहे.

१९८१ च्या जनगणनेत कलकत्ता ९१,९४,०१८ लोकसंख्येसह पहिलं होतं आणि बृहन्मुंबई ८२,४३,४०५ सह दुसरी. दहा वर्षांनी मुंबई १,२५,९६,२४३ आणि कलकत्ता १,१०,२१,९१८. म्हणजे मुंबई पहिली! दहा वर्षांत मुंबईत ४३ लाख माणसं वाढली की काय? तर नाही. १९८१ चा मुंबईचा आकडा फक्त महापालिकेच्या हद्दीतला होता, म्हणजे दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा. १९९१ चा आकडा आहे ‘बृहन्मुंबई नागरी समूहा’चा. एकमेकांना चिकटून वाढलेली शहरं जनगणनेत एकत्र धरतात, त्याला नागरी समूह म्हणायचं. कलकत्त्याचा आकडा आधीपासून तसाच होता, हावडा वगैरे धरून. १९९१ मध्ये मुंबईलाही तोच नियम लावला गेला, आणि बेरीज अशी झाली: मुंबई महापालिका ९९,२५,८९१, कल्याण १०,१४,५५७, ठाणे ८,०३,३८९, उल्हासनगर ३,६९,०७७, नवी मुंबई ३,०७,७२४ आणि सगळ्यात शेवटी मीरा-भाईंदर, १,७५,६०५. मोबाइलवर करून बघा, तंतोतंत जुळते.

यातली मुंबईबाहेरची पाच नावं काढली तर मुंबई एक कोटीच्या आत येते आणि कलकत्ता पुन्हा वर जातं. (न्यायानं बोलायचं तर हावडाही काढायला हवं. नुसत्या महापालिका समोरासमोर ठेवल्या तर मुंबई तेव्हाही कितीतरी मोठी होती.) माझा मुद्दा एवढाच की, देशातलं पहिलं शहर म्हणून मुंबईचं नाव ज्या तक्त्यात आलं, त्यात आपले पावणेदोन लाख लोक होते. उत्तनचा कोळी आणि राईचा आगरी, दोघंही त्या दिवशी कागदावर मुंबईकर झाले. त्यांना कुणी कळवलं नसणार.

२०११ लाही तेच. मुंबई महापालिकेची लोकसंख्या १,२४,४२,३७३. दिल्लीचा नागरी समूह १,६३,४९,८३१. म्हणजे एकटी मुंबई मागे. पण ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळवलं की १,८३,९४,९१२ होतात आणि मुंबई पहिली. त्यात आपले होते ८,०९,३७८.

आता ही रेघ आली कुठून ते बघू.

नकाशा उघडला तर मुंबईची नैसर्गिक उत्तर सीमा दहिसर नाहीच. ती भाईंदरची खाडी आहे. खाडीच्या दक्षिणेला जे बेट आहे ते साष्टी, सहासष्ट गावांची म्हणून साष्टी म्हणतात. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, ठाणे, घोडबंदर, भाईंदर, सगळं एकाच बेटावर. पोर्तुगीजांना ते एकच होतं. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीवर चाल केली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाही एकच होतं. आपल्या चौकजवळचा धारावीचा किल्ला त्याच मोहिमेतला. इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हाही अख्खी.

बेटाचे तुकडे पडले ते विसाव्या शतकात. १९२० मध्ये दक्षिण साष्टी ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा केला. स्वातंत्र्यानंतर मुंबई महापालिकेची हद्द दोन उड्या मारून उत्तरेला आली: १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. तिथेच ती थांबली. १९५७ आधी दहिसर आणि मीरा ही दोन्ही मुंबईबाहेरची गावं होती. शेतं, मिठागरं, चिंचेची झाडं, फरक काही नव्हता. रेघ दोन-तीन मैल वर सरकली असती तर आपण आज मुंबईचा एखादा वॉर्ड असतो. सरकली नाही, म्हणून आपण ‘दहिसरच्या पलीकडे’ झालो.

त्या रेघेवर पुढे जकात नाका बसला. मुंबईत माल न्यायचा तर जकात भरा, हे १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत चाललं. मग टोल. चारचाकी छोट्या गाड्यांना तो माफ झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मैलाच्या दगडापेक्षा नाका जास्त ठळक असतो. आपल्याकडची दोन पिढ्यांची माणसं ‘नाक्याच्या अलीकडे’, ‘नाक्याच्या पलीकडे’ अशीच पत्ते सांगत आली.

रेघेच्या पलीकडे असण्यानंच शहर वाढवलं. मुंबईत घर परवडेना, तेव्हा पश्चिम रेल्वेनं जिथवर पोचता येईल तिथवर माणूस सरकत गेला. १२ जून १९८५ ला भाईंदर, नवघर, मीरा, काशी आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली. १९९० मध्ये राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन, वरसावे आत आली. २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. ग्रामपंचायत ते महापालिका, सतरा वर्षांत. १९९१ चे १,७५,६०५ लोक २००१ मध्ये ५,२०,३८८ झाले, जवळजवळ तिप्पट. याच काळात मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन, ओसरायला लागला होता. २००१ मध्ये तिथे ३३,३८,०३१ लोक होते, २०११ मध्ये ३०,८५,४११. तिकडची चाळ रिकामी झाली आणि इकडे शांती नगर, पूनम सागर भरलं, असं सरळ गणित नाही. पण आपल्या बिल्डिंगमध्ये गिरगाव, लालबाग, परळहून आलेली किती घरं आहेत ते मोजून बघा. २०११ मध्ये देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठाणे होता. मुंबईही नाही आणि पुणेही नाही. तो एवढा मोठा होता की २०१४ मध्ये पालघर वेगळा काढावा लागला.

तुलनेसाठी सांगतो. २०११ मध्ये कोल्हापूर महापालिकेत ५,४९,२३६ लोक होते, अमरावतीत ६,४७,०५७. उत्तराखंडची राजधानी देहरादून सहा लाखांच्या आत. आपण या सगळ्यांच्या वर. पण साताऱ्यात कुणाला सांगा की मीरा-भाईंदर कोल्हापूरपेक्षा मोठं आहे, तो हसेल. कोल्हापूरला अंबाबाई आहे, तालीम आहे, तांबडा-पांढरा आहे, स्वतःचं रेडिओ केंद्र आहे. आपण गावी गेलो की ‘मुंबईचे पाहुणे’ आणि मुंबईत ‘मीरा रोड? बाप रे, लांब!’

सरकारी कागदांवरही आमची ओळख अशीच अर्धी-अर्धी. टेलिफोन कोड ०२२, म्हणजे मुंबई. पिन कोड ४०१ चा, म्हणजे वसईच्या मालिकेतला. ठाणे आणि नवी मुंबईलासुद्धा ४०० मिळाला, आपल्याला नाही. गाडीवर वर्षानुवर्षं एमएच-०४ होतं, म्हणजे ठाणे. पोलीस २०२० पर्यंत ‘ठाणे ग्रामीण’. आठ लाखांच्या शहराला ग्रामीण पोलीस! १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं, तेव्हा तो शब्द गेला.

आता या रेघेचा सगळ्यात मजेशीर नमुना. भाईंदर स्टेशनवरून विरार लोकल पकडा. पूल ओलांडला, खाली पाणजू बेट गेलं की नायगाव. पाच-सात मिनिटं. भाईंदर हे बृहन्मुंबई नागरी समूहात, नायगाव हे वसई-विरार शहरात. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारला मुंबईत धरलं नाही, १२ लाखांचं वेगळं शहर म्हणून मोजलं. यानं काय होतं? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता याच यादीवर ठरतो. बृहन्मुंबई नागरी समूह ‘एक्स’ वर्गात, वसई-विरार ‘वाय’ वर्गात. २०२४ पासूनचे दर मूळ पगाराच्या ३० आणि २० टक्के. म्हणजे भाईंदरच्या पोस्टातला कारकून आणि नायगावच्या पोस्टातला कारकून, पगार सारखा, काम सारखं, पण यादीप्रमाणे घरभाड्यात दहा टक्क्यांचा फरक. मधे फक्त एक खाडी. तिकडे भिवंडी ठाण्याला खेटून आहे, पण तीही मुंबईच्या बेरजेत नाही. एमएमआरडीएला विचारा, तर त्यांच्या मुंबई महानगर प्रदेशात वसई पण आहे आणि भिवंडी पण. कोणती मुंबई हवी ते आधी सांगायचं, मग आकडा मिळतो.

दिल्लीचंही असंच. २०११ च्या जनगणनेत दिल्लीच्या बेरजेत नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम नाहीत, कारण मधे राज्यांच्या सीमा आहेत. संयुक्त राष्ट्रांचे लोक २०१८ मध्ये मोजायला बसले तेव्हा त्यांनी ती धरली आणि दिल्ली जवळपास २ कोटी ९० लाखांची होऊन मुंबईच्या (२ कोटी) खूप पुढे गेली. २०२५ मध्ये त्यांनी पद्धतच बदलली. कुठल्या महापालिकेची हद्द कुठे हे बघायचंच नाही, दाट वस्ती जिथवर सलग आहे तिथवर एक शहर धरायचं. त्या हिशेबात जगातलं पहिलं शहर जकार्ता झालं, टोकियो तिसऱ्या क्रमांकावर गेलं. जगातल्या पहिल्या दहात भारताची दोन शहरं आहेत, दिल्ली आणि कोलकाता. मुंबई नाही! १९९१ मध्ये रेघ बदलून मिळालेला मान २०२५ मध्ये रेघ बदलूनच गेला. याचं मला दुःख नाही. पहिला नंबर कुणाच्या नळाला पाणी आणत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात जास्त जे खटकतं ते सांगतो, आणि त्यासाठी पुन्हा जुन्या आकड्यांकडे जावं लागेल.

१८६४ मध्ये मुंबईची पहिली मोठी मोजणी झाली. आकडा निघाला ८,१६,५६२. म्हणजे २०११ चं मीरा-भाईंदर, जवळजवळ तेवढंच. ते कापसाच्या तेजीचं वर्ष होतं. अमेरिकेत यादवी युद्ध, मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस, मुंबईत पैशाचा पूर. त्याच वर्षी गुजरातकडून येणारी बीबीसीआय रेल्वे वसईची खाडी ओलांडून, आपल्या भाईंदरवरून, ग्रँट रोडपर्यंत पोचली. पुढच्या वर्षी युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, आणि १८७२ च्या जनगणनेत मुंबई ६,४४,४०५ वर आली. पुन्हा आठ लाखांवर जायला १८९१ उजाडलं: ८,२१,७६४.

आता बघा, या आठ लाखांच्या मुंबईकडे पाण्याचं काय होतं. विहार तलाव १८६० मध्ये तयार. तुळशी १८७९ मध्ये. तानसा १८९२ मध्ये. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव मुंबईच्या तेव्हाच्या हद्दीबाहेर, साष्टीत. आपल्या काशिमीरा-चेण्याला लागून जो राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, त्याच डोंगराच्या दक्षिण भागात. आठ लाखांचं शहर स्वतःच्या हद्दीबाहेर जाऊन तीन जलाशय करू शकलं, कारण ते इलाख्याची राजधानी होतं, त्याच्याकडे पैसा होता आणि सरकार त्याच्या मागे होतं.

आठ लाखांच्या मीरा-भाईंदरकडे स्वतःचं धरण एकही नाही. आपलं पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं. यातलं कोणतंही एकट्या आपलं नाही. तिथे ठाणे, भिवंडी आणि इतरांबरोबर वाटा मागायचा, शटडाऊन त्यांचं आणि रांग आपली. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेत आपल्यासाठी रोज २१८ दशलक्ष लिटर ठरलं, वसई-विरारसाठी १८५. ते पाणी पालघरच्या धरणातून, म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या तालुक्यातून. त्याची वाट आपण किती वर्षं पाहिली ते तुम्हाला सांगायला नको, आणि ज्या आदिवासी गावांच्या उशाला ते धरण आहे त्यांनी काय पाहिलं हा वेगळा, मोठा विषय आहे.

माझी तक्रार मुंबईबद्दल नाही. मीरा-भाईंदर मुंबई महापालिकेत विलीन करा, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही. मुंबईच्या टोकाला जे वॉर्ड आहेत त्यांची अवस्था बघितली की आपण शेवटचा वॉर्ड होण्यात शहाणपण दिसत नाही. तक्रार अशी आहे की नागरी समूह नावाच्या या गोष्टीला महापौर नाही, आयुक्त नाही, अर्थसंकल्प नाही. ती फक्त बेरीज आहे. बेरजेला आपण चालतो, मग वाटपाच्या वेळी दहिसरची रेघ आठवते. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यातला एक रुपयाही रेघेच्या अलीकडे येण्याचं कारण नाही, कायद्यानं ते बरोबरच आहे. पण रोज सकाळी सात ते दहामध्ये या शहरातून जे लोक दक्षिणेला कामाला जातात, ते तो अर्थसंकल्प ज्या उलाढालीवर उभा आहे तीच चालवायला जातात.

आणि आता तर बेरजेचा आकडासुद्धा शिळा झालाय. २०२१ ची जनगणना झालीच नाही. जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली ती २०११ च्याच आकड्यावर, ८,०९,३७८ लोक आणि ९५ नगरसेवक. म्हणजे कागदावर एका नगरसेवकामागे साधारण साडेआठ हजार माणसं. २०११ नंतर हाटकेश, काशिमीरा, घोडबंदर रोड, भाईंदर पूर्वेची टोकं या ठिकाणी किती टॉवर उभे राहिले ते तुम्ही रोज बघता. त्या टॉवरमधली माणसं प्रभाग आखताना नव्हतीच. ती राहतात, पाणी पितात, कचरा करतात, कर भरतात, फक्त मोजलेली नाहीत. १९९१ ते २००१ मध्ये तिप्पट झालेल्या शहराला पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर चालवणं म्हणजे पोराच्या पाचवीतल्या मापाचा गणवेश कॉलेजात घालायला लावणं.

पुढची जनगणना ठरली आहे. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भाची तारीख १ मार्च २०२७. त्यासाठी सगळ्या गाव-शहरांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत. म्हणजे यंदा तरी रेघ हलणार नाही. जे काही बदलेल ते रेघेच्या आतल्या माणसांनी बदलेल. जो आकडा निघेल त्यावर पुढची अनेक वर्षं प्रभाग, निधी, पाणी, शाळा, दवाखाने मागायचे आहेत.

म्हणून एक कामाची गोष्ट. आमच्या सोसायटीत अजूनही बरेच जण म्हणतात, ‘आमचं नाव गावाला आहे, इथे कशाला द्यायचं?’ रेशनकार्ड गावाला असेल, मतदान गावाला असेल, सातबारा तर असणारच. जनगणनेचा त्याच्याशी संबंध नाही. मोजणीच्या दिवसांत तुम्ही जिथे राहता तिथे तुमची नोंद होते, भाड्यानं असाल तरी. गावी नाव सांगून गावाचं भलं होत नाही आणि इथला एक माणूस कमी होतो. भाडेकरूची नोंद मालकाला अडचणीची वाटते म्हणून प्रगणकाला दारातून परत पाठवणारे मालकही मला माहीत आहेत. जनगणनेतली वैयक्तिक माहिती कायद्यानं गुप्त असते, ती कर खात्याला किंवा पोलिसांना दिली जात नाही, हे त्यांना सांगा.

बहुतेक ठिकाणी मोजणी अडते ती गेटवर. वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय? प्रगणक म्हणतो, सगळ्यांकडे. झालं, परत. प्रगणक म्हणजे बहुतेकदा एखाद्या शाळेतली बाईच असते, शाळा सुटल्यावर पायपीट करत आलेली. तिला आत घ्या, लिफ्ट दाखवा आणि सेक्रेटरीनं कोणत्या फ्लॅटला कोण राहतं याची यादी आधीच तयार ठेवा. आमच्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय घेणार आहे. तुमच्या सोसायटीत काय ठरलं ते खाली लिहा.